ताई, त्या न मिळालेल्या टेकबद्दल

प्रिय ताई,

आमच्या छोट्या फिल्मच्या शूटच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी तुझ्यावर सगळ्यांसमोर ओरडले होते. त्याबद्दल माफी मागून झाली आहे, तू ती हसण्यावारीही नेलीस. आभार मात्र राहिलेत. ते चारचौघांत मानायचे आहेत, कारण ओरडणंही चारचौघांतच झालं होतं.

शूटचं शेड्यूल सांभाळायला तू आलीस तेव्हा आमची पटकथा आठ पानांची होती आणि शॉट लिस्ट, म्हणजे घ्यायच्या शॉट्सची यादी, ७१ ची. मला त्या लिस्टचा केवढा अभिमान! तू ती बघितलीच नाहीस. आधी पटकथा मागितलीस, लाल पेन्सिल काढलीस आणि प्रत्येक पानाचे आठ भाग करत रेघा मारत बसलीस. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, आणि प्रत्येक सीन किती अष्टमांश आहे ते मोजायचं, हे मी वर्गात ऐकलं होतं. पण ऐकलेलं ऐकलेलंच राहिलं होतं. मग तू विचारलंस, "दोन दिवस, रोज दहा तास. म्हणजे १,२०० मिनिटं. भागिले ७१?" सतरा मिनिटांपेक्षाही कमी. त्यात कॅमेरा हलवणं, लाइट बदलणं, तालीम, टेक, रीटेक, सगळं आलं. आणि कुणी क्षणभरही बसायचं नाही.

मग तू माझ्याकडून प्रत्येक शॉटपुढे खूण करून घेतलीस: याच्याशिवाय फिल्म नाही, असला तर बरं, जमला तर जमला. पहिल्या फेरीत मी ६० शॉट्सना पहिली खूण केली. तू काही बोलली नाहीस, लिस्ट परत माझ्याकडे सरकवलीस. असं चार वेळा झालं. शेवटी ३४ उरले. त्या रात्री मला वाटत होतं की तू माझी फिल्म कापतेयस. आता कळतं, कुठला सीन कशासाठी आहे हे मी त्या टेबलावर पहिल्यांदा स्वतःला विचारत होते.

रेकीला, म्हणजे शूटची जागा आधी बघायला गेलो तेव्हा, आम्ही फोटो काढत फिरलो. तू खोलीच्या मधोमध डोळे मिटून बसलीस. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटर, पंख्याचा कुईकुई आवाज, सगळं वहीत टिपलंस. पॅसेजच्या खिडकीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं तेही: ३:४० ते ४:५०. शूटच्या दिवशी फ्रिज बंद करून तू तुझ्या गाडीची किल्ली त्यातच ठेवलीस, म्हणजे जाताना तो पुन्हा सुरू करायचं विसरायला नको. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे म्हणे. आम्हाला ती एवढी आवडली की पॅकअपनंतर तिघांच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या.

आता त्या संध्याकाळबद्दल.

दुसऱ्या दिवशीच्या तुझ्या शेड्यूलमध्ये दुपारी आधी फिल्ममधल्या नातीचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घ्यायचे शॉट्स, होते. लहान मूल ताजंतवानं असताना त्याचं काम उरकायचं, मोठे नट थांबू शकतात, हे तुझं साधं गणित. उन्हातला आजोबांचा शॉट मध्येच वीस मिनिटांत, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून घ्यायचा होता. मला मात्र तो व्हीलचेअरवर कॅमेरा घेऊन, पॅसेजभर सरकत हवा होता. तू एवढंच म्हणालीस, "फिल्म तुझी आहे. मी फक्त घड्याळ सांगत राहीन." आणि खरंच सांगत राहिलीस. सव्वातीनला आम्ही नातीचं काम बाजूला ठेवून व्हीलचेअरच्या मागे लागलो. चाक फरशीच्या सांध्यावर अडकायचं, नाहीतर फोकस सुटायचा. नवव्या टेकला ऊन गेलं.

पुढचा सीन अंधारातला. लाइट गेलेत, आजोबा पत्र वाचतच राहतात, आणि नातीच्या लक्षात येतं की ते वाचत नाहीयेत, त्यांना ते पाठ आहे. खिडक्यांना काळं कापड लावण्यात अर्धा तास गेला. साडेपाचला मास्टर, म्हणजे अख्खा सीन एकत्र टिपणारा शॉट, सुरू झाला, सहाला दहा कमी असताना ओके झाला. नातीचा क्लोज राहिला. तो पहिल्या खुणेचा होता, पहिल्या चौतीसातला. मुलगी जांभया देत होती. तिच्या आईला आपण सहाची वेळ दिली होती.

"एकच टेक," मी म्हटलं.

"नाही," तू म्हणालीस.

मग मी जे बोलले ते बोलले. तू ऐकून घेतलंस, मुलीला कोपऱ्यात नेलंस, साउंडच्या मुलाला माइक घेऊन बोलावलंस आणि तिच्याकडून तिचं एकच वाक्य तीन वेळा म्हणवून घेतलंस: "आजोबा, अंधारात दिसतंय तुम्हाला?" कॅमेरा नाही, लाइट नाही, जेमतेम दोन मिनिटं. ती गेल्यावर सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून मिनिटभर रिकाम्या खोलीचा आवाज घेतलास. तेव्हा मला तो निव्वळ छळ वाटला होता.

एडिटला बसल्यावर पहिले चार दिवस मी त्या सीनला हातच लावला नाही. मग एका रात्री मास्टरमधला आजोबांचा पाठमोरा भाग ठेवला, त्याखाली रूम टोन, म्हणजे तोच रिकाम्या खोलीचा आवाज, पसरला आणि त्यावर मुलीचा आवाज टाकला. ती फ्रेममध्ये नाहीच. आजोबांची मान किंचित हलते, हातातला कागद खाली येतो, उत्तर येत नाही. क्लोज असता तर मी तिचे मोठे झालेले डोळे दाखवले असते आणि प्रेक्षकांना कळायचं ते तिच्या चेहऱ्यावर वाचून दाखवलं असतं. व्हीलचेअरचा शॉट एडिटच्या दुसऱ्याच खर्ड्यात उडाला. नऊ टेक!

क्लोज नसणंच बरं ठरेल हे तुला माहीत होतं, असं मी म्हणणार नाही. तुलाही तो हवाच होता, तुझ्या शेड्यूलमध्ये होता. तो हुकणार हे दिसल्यावर हाताशी काय घेऊन ठेवता येईल, एवढाच विचार तू केलास, आणि तोही मी तुझ्यावर ओरडत असताना.

श्रेयनामावलीत तुझं नाव मोठं हवं होतं. तू नको म्हणालीस, म्हणून इतरांइतकंच ठेवलंय.

तुझी लाल पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे. पुढची पटकथा बारा पानांची झालीये. शॉट लिस्ट मुद्दाम केलेली नाही, आधी तुझ्या रेघा हव्यात. कधी येतेस?

तुझी,
आठ मिनिटांच्या फिल्मला ७१ शॉट्स लावणारी