सिंगापूरमार्गेच या

ऑकलंड, न्यूझीलंड

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमचा हिशोब वाचला. मुंबई ते ऑकलंड १२,३०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे पावणेचौदा तास. मग तिकिटावर वीस तास कशाचे? जन्मभर एसटीची वेळापत्रकं बसवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच!

९०० हा वेग वर गेल्यावरचा. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी, चढणं, उतरणं, जागा मिळेपर्यंत घिरट्या, हे सगळं धरून मुंबई-सिंगापूर साडेपाच तास आणि सिंगापूर-ऑकलंड दहा तास. उरलेला वेळ थांब्याचा. मुंबईहून थेट विमान नाहीच.

पण थांबा आहे म्हणजे वळसा पडतो, असं नाही. घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबई ते ऑकलंड दोरा ताणून बघा, तो जवळजवळ सिंगापूरवरूनच जातो. तिथे उतरून पुढे गेलं तरी २५-३० किलोमीटरच जास्त. तुम्ही शोधलेलं दुबईचं तिकीट स्वस्त आहे, कबूल. पण त्यात आधी १,९०० किलोमीटर पश्चिमेला जायचं आणि मग तिथून १४,२०० किलोमीटर इकडे यायचं. साताऱ्याहून कोल्हापूरला निघून आधी पुण्याची गाडी धरण्यातला प्रकार. शिवाय दुबईनंतर सोळा तास एका जागी बसायचं. आईचे गुडघे आणि तुमचे सुजणारे पाय बघता मला ते पटत नाही. पैशांचं माझं मी बघते.

सिंगापूरचा थांबाही सव्वा तासाचा नको, चार तासांचा घेते. पहिलं विमान लेट झालं तरी धावाधाव नाही. दोघांसाठी व्हीलचेअर सांगणार आहे. बाबा, नाक मुरडू नका. सोबत माणूस असतो, तो थेट पुढच्या गेटवर नेऊन सोडतो. बॅगांना मुंबईतच ऑकलंडपर्यंतचा टॅग लावून घ्या, मध्ये उचलाव्या लागणार नाहीत.

आई, आता तुझं. डिसेंबरात इथलं घड्याळ साडेसात तास पुढे असतं. सोमवारी रात्री निघालात तर उतराल बुधवारी पहाटे. त्यामुळे शुगरची गोळी घड्याळ बघून घेऊ नकोस. प्रवासात ती किती तासांनी घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून आण. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत नको.

आणि खाऊ. इथे खाण्याच्या वस्तूंची तपासणी फार कडक. मेतकूट, लोणचं, चकली, जे काही आणशील ते फॉर्मवर लिहायचंच. लिहिलेलं ते बघतात, चालत असेल तर परत देतात. न लिहिलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध अजिबात आणू नकोस. विमानात दिलेलं सफरचंदसुद्धा विमानातच संपवा. बाबांना असलं काही खिशात घालायची सवय आहे, तू लक्ष ठेव.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवा. व्हिसावर आईचं मधलं नाव कसं आलंय तेही कळवा, तिकिटावर अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच हवं. शनिवारी बुकिंग करते.

तुमची,
सोनू