शंभर दिवसांचा हिशेब आणि निवेपर्यंतचा दम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या अंकात एका उन्हाळी शिबिराच्या समारोपाचे छायाचित्र आले आहे. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कौलांच्या चवडीवर तळहाताची कड आपटताना त्यात दिसते, आणि खाली 'अवघ्या तीस दिवसांत पोलादी पंजा' अशी ओळ आहे. मुलीचे धैर्य वाखाणण्याजोगे आहे. माझी तक्रार त्या ओळीबद्दल, आणि त्यातही 'अवघ्या' या एका शब्दाबद्दल आहे. चिनी युद्धकलांमध्ये हात पक्का करण्याची जी साधना आहे, तिच्याशी माझा पंचवीसहून अधिक वर्षांचा संबंध आहे. या साधनेत जे अपाय होतात, त्यांतले बहुतेक माराच्या जोरामुळे नव्हे, तर दोन मारांमधले दिवस खाऊन टाकल्यामुळे होतात, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. ते जरा सविस्तर मांडू द्यावे, ही विनंती.

आपल्याकडचे क्लासवाले ज्याला 'आयर्न पाम' म्हणतात, त्याचे चिनी नाव 'थिए शा चांग', म्हणजे लोखंडी वाळूचा तळहात. रीत दिसायला अगदी साधी आहे. जाड कॅनव्हासची वीतभर-दीडवीत चौरस पिशवी शिवून तिच्यात मूग भरायचे (हो, आपल्या उसळीचेच मूग), ती मांडीच्या मध्यापर्यंत येणाऱ्या भक्कम स्टुलावर ठेवायची, गुडघे वाकवून स्थिर उभे राहायचे, हात सैल सोडून डोक्यापर्यंत उचलायचा आणि स्वतःच्या वजनाने पिशवीवर पडू द्यायचा. तळहात, हाताची पाठ, करंगळीकडची कड, मनगटालगतचा उंचवटा आणि शेवटी बोटांची टोके, असा क्रम फिरवायचा. जोर लावायचा नाही, ही पहिली सूचना असते आणि नवशिक्या पहिल्यांदा मोडतो तीही हीच. मुगानंतर बारीक खडी आणि खडीनंतर लोखंडी छर्रे अशा पुढच्या पायऱ्या आहेत. या साधनेला शंभर दिवस लागतात, हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. परंतु ज्यांनी मला शिकवले, ते शंभर दिवस म्हणजे फक्त मुगाची पिशवी असे समजत. आकडा तोच ठेवून त्यात तिन्ही पिशव्या कोंबायच्या, आणि मग शंभराचे तीस करायचे, ही अलीकडची सुधारणा आहे.

या विद्येचे सर्वांत परिचित नाव म्हणजे कू रू-चांग (१८९४–१९५२). उत्तरेकडील शाओलिन परंपरेतले हे गृहस्थ १९२८ मध्ये नानजिंग येथे स्थापन झालेल्या मध्यवर्ती कुओशू (म्हणजे राष्ट्रीय युद्धकला) संस्थेच्या राष्ट्रीय परीक्षेत उतरले होते, आणि त्यानंतर दक्षिणेकडे क्वांगचौला शिकवण्यासाठी गेले. एकावर एक, मध्ये फट न ठेवता रचलेल्या डझनभर विटांवर त्यांचा तळहात पडल्याचे एक जुने छायाचित्र आजही जगभरच्या क्लासांच्या भिंतींवर दिसते. त्या छायाचित्राने या कलेला जेवढे शिष्य मिळवून दिले तेवढेच तिचे नुकसानही केले, असे मी म्हणेन, कारण त्यात विटा दिसतात, हात दिसतो आणि मागची वर्षे दिसत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. हाडावर जसा भार पडतो तसे हाड स्वतःला घडवते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, आणि या साधनेचा सगळा आधार तेवढाच आहे. परंतु हे घडवणे कोणत्या क्रमाने होते, ते क्लासमध्ये कोणी सांगत नाही. भार पडलेल्या जागी शरीर आधी जुने हाड पोखरून काढते. या कामाला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. मग त्या पोकळीत नवे हाड भरले जाते, आणि त्याला तीन-चार महिने लागतात. याचा सरळ अर्थ असा, की साधना सुरू केल्यावर काही आठवड्यांनी, उत्साह अगदी ऐन भरात असताना, हाताची हाडे काही जागी पूर्वीपेक्षा कच्ची असतात. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली होती. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर समजले, की त्या पावलांतली लांब हाडे तडकलेली असत. एकही मोठा आघात नाही, नुसती पावलांची संख्या. आपल्याकडे पोलिस आणि लष्कर भरतीची तयारी करणारी मुले पहाटे डांबरी रस्त्यावर धावून धावून नडगी दुखवून घेतात, त्याच्या मुळाशीही बऱ्याचदा हेच असते. तळहाताच्या पाच लांब हाडांना निराळा न्याय लागू होण्याचे काही कारण नाही.

शिजेपर्यंत दम धरवतो पण निवेपर्यंत धरवत नाही, ही म्हण या साधनेला जशी लागू पडते तशी दुसऱ्या कशाला क्वचितच पडत असेल. पिशवीवर हात पडतो ते नुसते शिजणे; हाड घट्ट होते ते निवताना, म्हणजे ज्या दिवशी आपण पिशवीकडे फिरकतही नाही त्या दिवशी.

फसगत होते ती वेदनेमुळे, किंवा खरे तर वेदना नाहीशी झाल्यामुळे. हाताची कातडी दोन-तीन आठवड्यांत जाड होऊ लागते. माराची सवय होऊन दुखणे तर त्याहूनही लवकर बोथट होते. स्नायुबंध आणि अस्थिबंध यांना महिने लागतात, हाडाचा हिशेब वर दिलाच आहे, आणि सांध्यांतल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने तिची झीज जवळजवळ भरूनच येत नाही. म्हणजे एकाच हातात चार घड्याळे चार वेगांनी चालतात आणि आपण वेळ पाहतो ती सर्वांत पुढे गेलेल्या घड्याळात. 'आता दुखत नाही, म्हणजे हात तयार झाला' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. एकदा ते मी स्वतःच बोललो होतो.

तो प्रसंग सांगतो. मी व्यवसायाने घड्याळे दुरुस्त करतो. वयाच्या चोविसाव्या वर्षी, मुगाची पिशवी मारायला लागून जेमतेम पाच आठवडे झालेले असताना, मी शिकवणाऱ्यांना न विचारता खडीची पिशवी शिवली आणि रोज सकाळी प्रत्येक हाताने तीनशे मार सुरू केले. हाताची कड आणि मनगटालगतचा उंचवटा यांचे मला विशेष वेड होते. अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी दुकानात एका बायकी घड्याळाचा स्क्रू चिमट्यात धरला आणि तो गळून पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. चिमटा अंगठ्याने आणि तर्जनीने धरायचा असला, तरी हात स्थिर राहतो तो टेबलावर टेकलेल्या करंगळीच्या आणि अनामिकेच्या आधाराने, आणि ती दोन्ही बोटे माझी नव्हतीच जणू. पांढुरकी, गार, टोकांना मुंग्या. घरी आल्यावर सदऱ्याची बटणे काढायला मला आईची मदत घ्यावी लागली आणि ती लाज आजही आठवते. डॉक्टरांनी सांगितले ते असे: करंगळीच्या खालच्या उंचवट्यातून एक रोहिणी आणि एक मज्जातंतू जातात, त्यांच्यावर तिथे मांसाचे पांघरूण फारच पातळ असते आणि बाजूला एका लहान हाडाचा आकडा असतो, वरून सारखे आपटत राहिले की ती रोहिणी त्या आकड्यावर ठेचली जाते आणि तिच्यात गाठही होऊ शकते. गॅरेजमधील कारागीर हातोड्याऐवजी तळहात वापरतात, त्यांच्यात हा विकार ओळखीचा आहे. माझे थोडक्यात निभावले. सात महिने पिशवी बंद होती, आणि थंडीत ती दोन बोटे आजही इतरांच्या आधी गार पडतात.

या प्रकरणात दोष पूर्णपणे माझा होता, पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली, जी मला चिनी परंपरेचे खरे शहाणपण वाटते. साधनेच्या आधी आणि नंतर हाताला चोळायचे जे औषध असते, त्याला 'तिए ता चिऊ' म्हणतात. पडल्याझडल्याची, मारामुक्क्याची दारू असा त्याचा सरळ अर्थ. मद्यात अनेक वनस्पती महिनोन्‌महिने मुरवून ते करतात, आणि त्यात आपल्या ओळखीची करडईची फुले आणि हिराबोळही असतात. (काही पाठांत बचनागाच्या जातीचे मूळ असते, जे हृदयाला घातक विष आहे. म्हणून घटक ठाऊक नसलेली बाटली विकत घेऊ नये, फुटलेल्या कातडीला लावू नये आणि चुकूनही पोटात घेऊ नये.) औषधाचा गुण किती, यावर मी वाद घालणार नाही. परंतु ते चोळायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ कोणीतरी तो हात हातात घेऊन बसलेले असते. दक्षिण चीनमधले अनेक गुरू स्वतः हाडवैद्य असत. क्वांगचौमधले वोंग फेई-हुंग यांचा 'पो ची लाम' हा दवाखाना, १९२४ च्या धुमश्चक्रीत जळेपर्यंत, त्यांच्या कुंगफूइतकाच प्रसिद्ध होता. जो आपटायला शिकवतो तोच सूज दाबून पाहतो, कोणत्या सांध्यापाशी विद्यार्थी कळवळतो हे त्याला बोटांनी कळते, आणि तो सांगतो की आज नको, परवा ये. चाळीस मुलांच्या शिबिरात हे कोण करणार?

मुलांविषयी मला वेगळे लिहिले पाहिजे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि हाड तिथून लांबीत वाढते. हाताच्या बोटांत त्या साधारणपणे मुलींच्या १४-१५ आणि मुलांच्या १६-१७ या वयाच्या सुमारास मिटतात. तोवर हाताचा तो सर्वांत नाजूक भाग असतो. यावर एक चोख आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही: टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, आणि ज्यांनी लहानपणी खेळायला सुरुवात केली त्यांच्यात हा फरक अधिक असतो, मग लहान वयातच हात का पक्का करू नये? उत्तर असे, की टेनिसमध्ये हाडावर येणारा भार मुख्यतः स्नायूंच्या ओढीतून आणि हाड वाकण्यातून येतो, तर पिशवीवर तो थेट बोटांच्या पेरांवर ठोकला जातो. मुलांना दोरीवरच्या उड्या, जोर, मल्लखांब, झाडावर चढणे हे सगळे द्यावे. पिशवी आणि कौल अठरा वर्षांपर्यंत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रौढांसाठी मी काय सांगतो, तेही थोडक्यात लिहितो. ही कोण्या ग्रंथातली आज्ञा नाही, माझी स्वतःची रीत आहे. पहिले चार महिने फक्त मूग. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस कोरा. प्रत्येक बाजूने वीस मार, आणि महिन्याला दहापेक्षा जास्त वाढवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, मूठ पूर्ण मिटून पाहायची आणि सदऱ्याचे वरचे बटण लावून पाहायचे. मूठ जड वाटली किंवा बटण अडले, तर त्या दिवशी ठरलेली साधना रद्द; सलग दोनदा अडले, तर आठवडाभर सुट्टी. बोट गार किंवा पांढुरके दिसले, तर सुट्टीचाही प्रश्न नाही, थेट डॉक्टर. आखाड्यात नव्या पठ्ठ्याला वस्ताद आधी महिनोन्‌महिने माती खणायला आणि जोर-बैठका मारायला लावतात, लढतीला लगेच सोडत नाहीत. त्याला आपल्याकडे कोणी मागासपणा म्हणत नाही. परदेशी नाव असलेल्या विद्येकडून मात्र आपण तीस दिवसांत निकाल मागतो.

कौलांबद्दल एकच सांगतो. दोन्ही टोकांना आधार देऊन मध्ये पोकळ ठेवलेले कोरडे कौल हातोड्यासारख्या हाताची वाट पाहत नाही; भाजलेली माती दाब चांगला सोसते पण ताण सोसत नाही, त्यामुळे मध्यभागी वेगाने मार पडताच खालची बाजू ताणली जाऊन ते तडकते, आणि प्रत्येक कौलाखाली पट्टी ठेवलेली असेल तर वरचे कौल खालच्याला फोडायला मदतच करते. न डगमगता, नेमक्या जागी, वेगाने हात टाकणे हे कौशल्य आहेच, पण ते तालीम न झालेला हातही करू शकतो. म्हणजे त्या छायाचित्रातल्या मुलीने कौले फोडली, हे खरे. तिचा पंजा पोलादी झाला, हे त्यावरून ठरत नाही.

शिबिराच्या संचालकांनी या पत्राला उत्तर धाडले, तर आपण ते अवश्य छापावे. त्यांच्याकडून मला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: त्या तीस दिवसांपैकी किती दिवस मुलांचे हात रिकामे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते हात कोणी पाहिले.

आपला नम्र,
एक घड्याळ दुरुस्त करणारा वाचक, ठाणे