बाबा, नमकीनचा पुडा उलटा करून पाहा

आई, बाबा,

फोनवर बाबा म्हणाले का गोड बिस्किटं बंद केली, आता चहासोबत नमकीनच, त्यात कुठं साखर असते. म्हणून मी दुकानातून तीन तऱ्हेचे नमकीन क्रॅकरचे पुडे आणले अन् मागची बारीक अक्षरं वाचत बसली.

जे वजनानं जास्त ते आधी लिहावं लागते, तसा नियमच आहे. तिन्हीत पहिला मैदा अन् मग पामतेल. साध्या पुड्यात पुढं मीठ, यीस्ट, सोडा अन् साखरसुद्धा, हो बाबा, नमकीनमध्ये साखर. दुसरा मल्टीग्रेन, समोर ज्वारीचं कणीस काढलेलं, मागं ज्वारी पार शेवटी. तिसऱ्या मसालावाल्याची यादी संपता संपत नाही, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, इन्व्हर्ट सिरप म्हणजे साखरेचा पाकच, चव वाढवायला ६२७ अन् ६३१ नंबरचे पदार्थ. आकडा दिसला का विषच असं नाही, ५०० म्हणजे आपला सोडाच असते. पण आईच्या डब्यात कधीच नसते अशा वस्तू जितक्या जास्त, तितकी त्यावर कारखान्याची प्रोसेस जास्त. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी खाण्याचे चार गट केले, 'नोव्हा' म्हणतात, त्यात हे सिरप-फ्लेवरवाले चौथ्या, सगळ्यात जास्त प्रोसेसवाल्या गटात. २०१९ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला, २० जणांना दोन आठवडे असलं अन् दोन आठवडे साधं जेवण दिलं, पोटाला लागेल तेवढं खा म्हटलं, तर असल्या जेवणावर लोकं रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खात होते.

बाबा, तुमची बीपीची गोळी चालू आहे म्हणून सोडियमची ओळ नक्की पाहा. त्याले अडीचनं गुणलं का मीठ निघते. १०० ग्रॅममागं ८०० मिलिग्रॅम लिहिलं असलं तर २ ग्रॅम मीठ झालं, अन् दिवसभरात भाजी-वरण-लोणचं धरून ५ ग्रॅमच्या आत पाहिजे.

आई, ज्वारीच्या लाह्या अन् फल्लीदाणे भाजून चहाच्या डब्याजवळच ठेव, मीठ नको टाकू. बाबांच्या दाढेले दाणे झेपत नसतील तर लाह्याच दे. पाहुण्यांसाठी पुडा आणायचाच असला तर सगळ्यात छोट्या यादीवाला आणा.

गोळ्या किती उरल्या ते पट्टीचा फोटो काढून पाठव, येताना घेऊन येते.

तुमची मुलगी