लग्नाच्या छायाचित्रांत चेहरे हवेत

महोदय,

१३ सप्टेंबर २०११ रोजी छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष गेले. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा माणूस ‘लिंटास’ या जाहिरात संस्थेतून व्यक्तिचित्रणाकडे वळला आणि १९९७ मध्ये आलेल्या ‘फेसेस’ या पुस्तकापर्यंत हिंदी चित्रपटसृष्टीतील बहुतेक महत्त्वाचे चेहरे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसून गेले होते. त्यांच्या चित्रांत प्रकाश सौम्य असतो, पार्श्वभूमी मागे सरते आणि नजर थेट डोळ्यांवर स्थिरावते. कपडे व दागिने कितीही भारी असोत, आधी माणूस दिसतो.

आज लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्या व्यावसायिकांनी ही चित्रे बारकाईने अभ्यासावीत, असे मला मनापासून वाटते. ड्रोन, क्रेन आणि प्रखर एलईडी दिव्यांच्या झोतात मांडव उत्तम दिसतो, परंतु अंतरपाटामागे उभ्या असलेल्या वधूच्या किंवा कन्यादान करणाऱ्या वडिलांच्या चेहऱ्यावरील भाव त्यात अनेकदा सपाट होऊन जातात. हा दोष केवळ छायाचित्रकारांचा नाही. यजमानच प्रत्येक विधीचे चित्रण मागतात आणि शांतपणे बसून एक व्यक्तिचित्र काढून घेण्यासाठी अर्धा तासही राखून ठेवत नाहीत. मुहूर्तापूर्वी खिडकीच्या उजेडात वधूवरांचे आणि विशेषतः घरातील आजी-आजोबांचे (त्यांचे चांगले छायाचित्र बहुतेक घरांत नसतेच) स्वतंत्र चित्र घेण्याची अट दोन्ही बाजूंनी ठरावातच घालावी, अशी माझी विनंती आहे.

— एक वाचक, डोंबिवली