खाडा, उचल आणि आपला हिशेब

मा. संपादक,
स. न.

शहरातल्या श्रीमंती-गरिबीचा विषय निघाला की ‘ज्याने त्याने आपली जबाबदारी घ्यावी’ असं म्हणून वस्तीकडे बोट दाखवलं जातं. पुण्यात ही दरी बघायला लांब जावं लागत नाही. कोथरूडच्या सोसायट्या आणि सुतारदरा, कल्याणीनगर आणि येरवडा, सहकारनगर आणि जनता वसाहत. रोज सकाळी घरकाम करणाऱ्या हजारो बायका ती पायी ओलांडून आपल्या स्वयंपाकघरात येतात. तेव्हा जबाबदारीचा हिशेब आधी तिथेच मांडावा.

समजा धुणं, भांडी आणि केरफरशीचे महिना 3,000 रुपये ठरले आणि काम रोज दीड तासाचं आहे. तीस दिवसांचे 45 तास झाले, म्हणजे तासाला साधारण 67 रुपये. हा भागाकार बहुतेक घरांत कुणी केलेलाच नसतो. आधी तो करावा, मग ‘महाग पडते’ म्हणावं. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी आणि वर्षाला आजारपणाच्या बारा रजा ही किमान गोष्ट. त्यापलीकडे खाडा झालाच आणि पैसे कापायचेच असतील, तर पगाराला तिसाने भागावं, म्हणजे दिवसाचे 100. सुट्टीच्या दिवशी पाहुणे आले म्हणून बोलावलं, तर सव्विसाने भागून 115 द्यावेत. चार सुट्ट्या मुळातच पगारी असल्याने जादा दिवसाचा भाव कामाच्या दिवसांवर निघतो. बहुतेक घरांत उलटं होतं: कापताना काटेकोर हिशेब आणि देताना ‘राहू दे गं, घरचंच आहे’.

उचलीचंही तसंच. मुलीच्या फीसाठी 10,000 घेतले आणि पुढचे तीन-साडेतीन महिने पगारच दिला नाही, की ती किराण्यासाठी शेकडा पाच रुपये महिना व्याजाने बाहेरून पैसे उचलते. आपली उचल फिटते, पण तिच्या डोक्यावर दुसरं कर्ज बसतं. हप्ता पगाराच्या सहाव्या भागापेक्षा जास्त नसावा. इथे 500 रुपये, म्हणजे वीस महिने. नोंद दोन वह्यांत करावी, एक तिच्याकडे, एक आपल्याकडे. तोंडी हिशेबावरून सुटलेली कामं पगारावरून सुटलेल्या कामांपेक्षा कमी नसतील.

दोन महिने मुलाकडे अमेरिकेला जाणारेही पुण्यात पुष्कळ. तेवढ्या काळाचा पगार बंद केला तर ती दुसरं घर धरणारच. परतल्यावर ‘हल्ली बायका टिकत नाहीत’ हे गाऱ्हाणं करण्यापेक्षा जाताना निदान अर्धा पगार ठरवून जावा. दिवाळीला एक पूर्ण पगार द्यावा. कपाटातली न नेसलेली साडी म्हणजे बोनस नव्हे. पुण्यातच 1980 साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप करून संघटना बांधली, तेव्हाच्या मागण्याही पगार आणि रजा एवढ्याच साध्या होत्या.

विमा आणि पेन्शनचं काम चार घरांनी मिळून केलं तर जड नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण मिळतं, जीवन ज्योती योजनेत 436 रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा. पहिलीला वयाची अट 18 ते 70, दुसरीला 18 ते 50. अर्ज भरून दिला की आपलं काम संपलं असं समजू नये. हप्ता दरवर्षी मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवशी खात्यात पैसे नसले की विमा बंद पडतो, आणि हे कळतं ते दावा करायच्या वेळी. पगार रोख देत असलात तरी मे महिन्याचा काही भाग खात्यात टाका. 2019 च्या श्रमयोगी मानधन या पेन्शन योजनेत 29 व्या वर्षी शिरलं तर महिना 100 रुपये हप्ता येतो, चार घरांत वाटला तर प्रत्येकी 25. तेवढीच रक्कम सरकार घालतं आणि साठीनंतर महिना 3,000 मिळतात. मात्र चाळिशीनंतर या योजनेत शिरता येत नाही, आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या कितीतरी जणी चाळिशीपुढच्या आहेत. त्यांच्या नावाने पोस्टात आवर्ती ठेव उघडावी.

सोसायटीच्या सभेत दोन विषय मांडायला हवेत. पहिला स्वच्छतागृहाचा. सकाळी आठ ते दोन चार घरं करणारी बाई वापरू देतील की नाही या भीतीने पाणीच कमी पिते. तळमजल्यावर एक स्वच्छतागृह या बायकांसाठी उघडं असावं, त्याला कडी, दिवा आणि पाणी असावं. दुसरा विषय गेटचा. एका घरात काही हरवलं म्हणून गेटवरच्या प्रवेशाच्या ॲपमधलं तिचं नाव बंद केलं, की तिची चारही घरं एका दिवसात जातात. तिची बाजू ऐकल्याशिवाय प्रवेश बंद करू नये, एवढा ठराव तरी लेखी असावा. (एखाद्या साहेबांची पार्किंगची तक्रार मात्र तीन सभा चालते.)

आता घरातलं. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही बाटल्या एकाच मोरीत ठेवू नयेत, हातमोजे आपण आणावेत, आणि बाहेरच्या बाजूने खिडकी पुसायला छज्ज्यावर उतरायला कुणालाही सांगू नये.

राहिला तो कागद. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. नोंदणीसाठी वय 18 ते 60 लागतं, आणि वयाच्या व राहण्याच्या पुराव्याबरोबर ‘ही आमच्याकडे काम करते’ असं मालकाचं प्रमाणपत्र लागतं. गाडं नेमकं तिथे अडतं. सही केली तर उद्या घरावर हक्क सांगेल, पोलीस विचारायला येतील, असं शिकलेली माणसंही म्हणतात. त्या कागदाने घरावर कसलाही हक्क येत नाही. नाव, पत्ता, कामाचा प्रकार आणि आपली सही, एवढंच त्यात असतं. भरायला पाच मिनिटं पुरतात.

आपला,
एक वाचक, पुणे