बायजाबाईंच्या सावकारी पेढ्यांचीही दखल घ्यावी

महोदय,

महिला दिनाच्या आसपास वृत्तपत्रांतून ताराराणी, अहिल्याबाई आणि झाशीच्या राणीवर लेख येतात, आणि ते यायलाच हवेत. मात्र १८२७ ते १८३३ या काळात ग्वाल्हेरसारख्या बलाढ्य संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या बायजाबाई शिंदे यांचे नाव त्यांत क्वचितच दिसते, याचे आश्चर्य वाटते.

कागलच्या घाटग्यांच्या या मुलीचा जन्म १७८४ चा. वडील सर्जेराव घाटगे यांनी १७९८ मध्ये पुण्यात ग्वाल्हेरचे अधिपती दौलतराव शिंद्यांशी तिचे लग्न लावून दिले ते स्वतःच्या राजकारणासाठी, हे उघड आहे. दौलतराव पुत्राविना वारले, तेव्हा बायजाबाईंनी अकरा वर्षांच्या जनकोजीरावांना दत्तक घेतले आणि राज्याची सूत्रे आपल्या हाती ठेवली. त्यांचे खरे सामर्थ्य तिजोरीत होते. उज्जैनमध्ये त्यांच्या स्वतःच्या पेढ्या होत्या, आणि राज्यकर्ती व सावकार या दोन्ही भूमिका त्या एकाच वेळी निभावत होत्या. काशीत ज्ञानवापीच्या परिसरात १८२८ साली त्यांनी बांधलेल्या स्तंभमंडपाचा उल्लेख होतो, पण तो बहुधा त्यांच्या धार्मिकतेचा दाखला म्हणून.

दत्तक मुलगा वयात येऊ लागल्यावर राज्य कुणाचे, हा वाद पेटला. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी बायजाबाईंची बाजू घेतली नाही. १८३३ मध्ये सैन्य जनकोजीरावांकडे वळले आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. तरीही त्यांचा दबदबा ओसरला नाही. फतेहगडच्या छावणीत १८३५ मध्ये त्यांना भेटलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासिनीने त्यांच्या सहवासाबद्दल आणि तिथल्या मराठी स्त्रियांच्या घोडेस्वारीबद्दल कौतुकाने लिहून ठेवले आहे. उत्तरायुष्यात बाई ग्वाल्हेरला परतल्या आणि १८६३ मध्ये वारल्या.

त्यांचा कारभार निर्दोष होता, असे मला म्हणायचे नाही. हाती आलेली सत्ता सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि तशी तयारी त्या काळच्या किती पुरुष कारभाऱ्यांनी दाखवली असती, हाही प्रश्नच आहे. परंतु रणांगण किंवा दानधर्म यापलीकडे, हुंडी आणि वसुलीचे व्यवहार कळणारी स्त्री आपल्या गौरवगाथांत सहसा बसत नाही, असे दिसते. मोडी कागदपत्रे वाचणाऱ्या एखाद्या अभ्यासकाकडून बायजाबाईंच्या सावकारीवर सविस्तर लेख लिहवून घेऊन आपण तो रविवारच्या पुरवणीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक