बरणीतली ऑलिव्ह आणि बांधीतला जवस

लाखांदूर, जि. भंडारा

प्रिय रवी,
सप्रेम नमस्कार.

"ऑलिव्ह हृदयाला चांगलं, खात जा" म्हणून तू दिवाळीत दिलेली हिरव्या ऑलिव्हची बरणी फोडली. बाबांनी एक तोंडात टाकलं न् म्हणाले, "हे बोर इतकं खारट कायले आहे बाप्पा?" प्रश्न रास्तच. झाडावरचं ऑलिव्ह ओलेयूरोपीन नावाच्या द्रव्यामुळे कडूजहर असतं, म्हणून ते मिठाच्या पाण्यात मुरवतात. मग अशा १०० ग्रॅम ऑलिव्हमधून साधारण १५०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं, म्हणजे जवळपास ४ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना तर अख्ख्या दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते! बाबांची बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा आई आता साध्या पाण्यात भिजवून दोन-चारच देते.

बाकी तुझं म्हणणं मान्य. फळात तंतू आहेत, ई जीवनसत्त्व आहे, आणि स्निग्धांश बहुतेक ओलेइक आम्लाचा, म्हणजे हृदयाला मानवणारा. स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात ऑलिव्ह तेल भरपूर घेणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असले प्रकार कमी झाले. त्यात माणसांना गटांत वाटताना चुका झाल्याचं निघालं, म्हणून २०१८ मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला, तरी निष्कर्ष साधारण तोच राहिला. पण ती माणसं सोबत भाजीपाला, डाळी, मासेही खात होती, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. आणि नेहमीच्या तेलाच्या जागी ते घ्यायचं असतं, वरून ओतायचं नाही. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी, शेंगदाण्याच्या तेलाइतक्याच.

आता माझा मुद्दा. ओमेगा-३ म्हणजे शरीराला लागणारा एक स्निग्ध घटक; तो पाहिजे असेल तर ऑलिव्ह तेलात तो जेमतेम १ टक्का. आपण धान कापायच्या आधी बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, लाखोळीच्या डाळीसोबत जो जवस फेकतो, त्याच्या तेलात मात्र निम्म्याहून जास्त. वनस्पतीचं ओमेगा-३ माशाच्या ओमेगा-३ ची पूर्ण बरोबरी करत नाही, हेही खरं. पण तुम्ही नागपूरला गेल्यापासून जवसाची चटणी ताटातून गेलीच ना? खिचडीवर जवसाचं घाणीचं कच्चं तेल घ्या, तळायला मात्र वापरू नका.

यंदा पीक बरं दिसतंय, निघालं की पायलीभर पाठवतो. वहिनींना सांग, सगळा एकदम कुटून ठेवू नका. कुटलेला जवस लवकर खवट होतो.

तुझा,
विनू